रस्त्यांचं प्रगतिपुस्तक : बासष्ट किलोमीटर, दोन माणसं आणि सॉफ्टवेअर कुठलं?

डांबरट | २२ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आयडीवरून गैरसमज नको, पोटापाण्यासाठी माझा खरोखरच डांबराशी संबंध आहे. आमची दोन माणसांची छोटी सल्लागार कंपनी आहे. उसाच्या पट्ट्यातल्या एका नगरपरिषदेनं (नाव सांगत नाही, सोमवारी परत तिथंच जायचंय) यंदा आम्हाला जरा वेगळं काम दिलं. गावातल्या सगळ्या डांबरी रस्त्यांची पाहणी करा, त्यांची अवस्था आकड्यात मांडा आणि पुढच्या पाच वर्षांत कुठल्या रस्त्यावर केव्हा काय करायचं ते लिहून द्या. एरवी ही यादी कशी ठरते ते इथं कुणाला सांगायला नको. ज्या प्रभागाचा आवाज मोठा, त्याचं कार्पेट (डांबराचा नवा थर) आधी.

पद्धत आम्ही पीसीआयची (पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स) घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रस्त्याला शंभरपैकी गुण द्यायचे. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर कोअरनं १९७० च्या दशकात विमानतळांच्या फरसबंदीसाठी ही पद्धत बसवली, मग ती रस्त्यांवर आली आणि आता एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ६४३३ या मानकात आहे. सुरुवात १०० पासून. प्रत्येक दोषामागे गुण वजा. दोष कोणता, किती तीव्र आणि किती पसरलेला, यावर वजाबाकी ठरते. ती शाळेतल्यासारखी सरळ नसते. एकाच तुकड्यावर भेगा, खड्डे, ठिगळं, चाकोऱ्या असं सगळं असेल तर नुसती बेरीज करून रस्ता उणे तीसवर जाईल, म्हणून ती बेरीज वक्ररेषांवरून खाली आणतात. हातानं केलं तर डोकं उठतं. संगणकाची पहिली गरज इथंच लागते.

प्रत्यक्ष काम मात्र पायांनीच. चौक ते चौक असे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात साधारण २२५ चौरस मीटरचे नमुने घेतले, म्हणजे सहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर ३७-३८ मीटर लांबी. एकाच्या हातात मोजचाक आणि खडू, दुसऱ्याच्या हातात मोबाइलवरचा फॉर्म. सकाळी साडेसात ते दहा. उन्हं तिरपी असली की बारीक भेग दिसते, बारा वाजता तोच रस्ता गुळगुळीत वाटतो. त्याहून सोपी वेळ म्हणजे पाऊस पडून गेल्यावर रस्ता वाळायला लागतो तेव्हाची. पृष्ठभाग कोरडा होतो पण भेगांत ओल राहते आणि आख्खं जाळं पेन्सिलीनं काढल्यासारखं समोर येतं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस पडला तेव्हा शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि आम्ही दोघं रस्त्यावर खूश होतो, याची थोडी लाजही वाटली.

आता अडचण. पहिल्या आठवड्यात एकच तुकडा आम्ही दोघांनी वेगवेगळा तपासला. माझे गुण ५८, सहकाऱ्याचे ७१. भांडण जाळीवरून. (सुसरीच्या पाठीसारख्या एकात एक गुंतलेल्या भेगा असतात त्यांना मुकादम मंडळी ‘जाळी’ म्हणतात, मला तोच शब्द आवडतो.) मी तिला मध्यम तीव्रतेची म्हटलं, त्यानं सौम्य. पद्धतीत जाळी फार महाग पडते, आणि ते बरोबरच आहे. लांबलचक एकटी भेग वरच्या थराची असू शकते, जाळी म्हणजे चाकांच्या वजनाखाली डांबर वाकून वाकून थकलंय, बहुतेकदा खालचा आधार कमजोर म्हणून. मग दोघांनी वीस तुकडे एकत्र तपासले, फोटो काढून ‘ही सौम्य, ही मध्यम’ असा आमचाच तक्ता केला. त्यानंतर फरक चार-पाच गुणांवर आला.

माझे प्रश्न दोन.

एक, सॉफ्टवेअर. ‘पेव्हर’ (डांबर पसरणारं यंत्र नव्हे, त्याच नावाचं सॉफ्टवेअर) खास पीसीआयसाठीच बनलेलं आहे, पण परवान्याचे पैसे नगरपरिषद देणार नाही. ‘एचडीएम-४’ हे मोठमोठ्या रस्ताजाळ्यांच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर शिकताना वापरलं होतं, पण बासष्ट किलोमीटरला ते म्हणजे डासाला तोफ. तिसरा मार्ग क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरवर नकाशा आणि बाकी सगळी स्प्रेडशीट. कुणी असं चालवलंय का?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. साधं गणित मांडलं तरी उत्तर असं येतं की सत्तर-ऐंशी गुणांच्या, दिसायला बऱ्या रस्त्यांवर आधी सील कोट (डांबराचा पातळ मुलामा) मारा आणि पार गेलेल्या रस्त्यांना थांबवा. कारण रस्ता उतारासारखा म्हातारा होत नाही, कड्यासारखा होतो. बरीच वर्षं हळूहळू खाली येतो आणि मग दोन पावसाळ्यांत कोसळतो. कोसळायच्या आधी पकडला तर स्वस्तात सुटका. कोसळून गेलेला रस्ता आणखी एक वर्ष थांबला तरी त्याचा खर्च फारसा वाढत नाही, तो मुळापासूनच करायचा असतो. पण आमच्या यादीत स्टेशन रोड, ज्याला २३ गुण आहेत आणि ज्यावरून आख्खं गाव शिव्या घालत जातं, तो चौथ्या वर्षी येतोय. हे सभेत कुठल्या तोंडानं सांगू?

---

खड्डेकर | २३ जानेवारी, सकाळी ८:०५

खड्डे दिसायला सॉफ्टवेअर लागतं? माझ्या दुचाकीच्या शॉकॲबसॉर्बरला विचारा, तो फुकटात सांगेल.

बाकी लेख माहितीपूर्ण. पण स्टेशन रोडवाले तुम्हाला सभेतून चालत बाहेर जाऊ देतील असं वाटत नाही. त्यातून तो चालायचाही रस्ता नाहीच म्हणा.

---

मुकादम | २३ जानेवारी, सकाळी ९:३०

डांबरट, लिहिलंय झकास. आम्ही उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, पण आयडी मुकादमच घेतला. रस्ता खरा त्यालाच कळतो.

तुमचे पीसीआय वगैरे वरवरचं बघणं झालं. पोटात काय आहे ते बघायला आमच्या काळी बेंकेलमन बीम, म्हणजे रस्ता किती दबतो ते मोजणारी लांब दांडी. मागच्या आसावर ८,१७० किलो वजन भरलेला ट्रक, चाकांत हवा मोजून, दोन जोडचाकांच्या मधल्या फटीत दांडी सरकवायची. ट्रक २.७ मीटर पुढं घ्यायचा, डायल वाचायची. आणखी ९ मीटर पुढं, परत वाचायची. रस्ता किती दबून परत वर आला ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. शिवाय डांबराचं तापमान घ्यायचं, कारण आकडा ३५ अंशांवर आणून लिहावा लागतो. त्यासाठी रस्त्याला भोक पाडून त्यात ग्लिसरीन घालून थर्मामीटर खुपसायचा. गावातली पोरं गोळा व्हायची, म्हणायची, सायेब, रस्त्याला ताप आलाय का? आम्ही म्हणायचो, व्हय बाळा, उसाच्या गाड्यांमुळं आलाय.

आता एफडब्ल्यूडी आलं, वजन टाकून धक्का देतं आणि आजूबाजूला किती दबलं ते सेन्सर वाचतात, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:११५ मध्ये सगळी कृती दिलीय. नगरपरिषदेला परवडायचं नाही. पण ज्या रस्त्यांवर जाडी वाढवायचं म्हणताय तिथं तेवढी एक-दोन दिवस भाड्यानं आणा. नाहीतर जाळी पडलेल्या रस्त्यावर नुसतं कार्पेट टाकाल आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालची जाळी वर उमटेल. भिंतीची ओल न काढता रंग दिल्यासारखं.

आणि गटार बघितलं का? तुमच्या फॉर्ममध्ये गटाराचा रकाना आहे का?

---

डांबरट | २३ जानेवारी, सकाळी १०:१२

@मुकादम काका, ग्लिसरीनचा किस्सा भारी. गटाराचा रकाना नव्हता. तिसऱ्या दिवशी घातला. ज्या बाजूला गटार तुंबलेलं, त्याच बाजूच्या चाकोरीत जाळी, हे इतक्या वेळा दिसलं की शेवटी वेगळा रंग दिला नकाशावर. पीसीआयच्या मूळ पद्धतीत निचऱ्याला गुणच नाहीत, ती फक्त परिणाम मोजते.

---

पायथनवाला | २३ जानेवारी, दुपारी १:२०

चालत कशाला मोजता राव? २०१८ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या लोकांनी गाडीच्या डॅशबोर्डवर मोबाइल लावून रस्त्यांचे फोटो काढले आणि त्यातले दोष ओळखणारं मॉडेल व माहितीसंच खुला केला. पुढं २०२० च्या संचात जपान आणि चेक प्रजासत्ताकाबरोबर भारतातले रस्तेही आले, एकूण २६,३३६ फोटो. २०२२ चा संच सहा देशांचा, ४७,४२० फोटो. उभी भेग, आडवी भेग, जाळी, खड्डा असे वर्ग केलेले आहेत. मी हौस म्हणून आमच्या उपनगरात चालवून बघितलं. स्कूटरला मोबाइल, एका रविवारी सगळं आवरलं.

प्रामाणिकपणे सांगतो, निकाल संमिश्र. खड्डे छान पकडतो. पण झाडाच्या फांद्यांची सावली म्हणजे जाळी, ड्रेनेजचं झाकण म्हणजे खड्डा, आणि एके ठिकाणी शेणाचा पो म्हणजे ९१ टक्के खात्रीनं खड्डा. उलट धुळीनं भरलेली भेग त्याला दिसतच नाही.

मोबाइलच्या हादऱ्यांवरूनही करून बघितलं. त्यातली गंमत अशी की ज्या रस्त्यावर सगळ्यात मोठे खड्डे, तिथं आकडे चांगले! कारण मीच खड्डे चुकवत चालवत होतो. रोजच्या वाटेवरचे खड्डे हाताला पाठ झालेले असतात.

---

खड्डेकर | २३ जानेवारी, दुपारी १:४१

शेणाचा पो ९१ टक्के खात्रीनं! आमच्याकडची पाहणी करणारी माणसं याहून कमी खात्रीनं मोजमाप पुस्तकं भरतात.

---

बेएरियातली_वहिनी | २३ जानेवारी, रात्री १०:५०

पायथनवाला, हादऱ्यांचा अनुभव बॉस्टननंही घेतलाय. २०१२ च्या सुमारास तिथं ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप आलं, गाडीत मोबाइल ठेवा, धक्के आपोआप नगरपालिकेला. लवकरच लक्षात आलं की स्मार्टफोन आणि गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच वस्त्यांतले खड्डे वर येणार. गरीब, म्हाताऱ्या लोकांच्या गल्ल्या गुळगुळीत दिसणार. म्हणून डांबरट यांनी सगळे रस्ते पायी घेतले ते मला पटलं.

मी गेली काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळच्या एका छोट्या शहराच्या बांधकाम खात्यात हेच काम करते. इकडे ‘स्ट्रीटसेव्हर’ वापरतात. इथल्या नऊ काउंट्यांची मिळून एक वाहतूक संस्था आहे, एमटीसी, तिनंच १९८० च्या दशकात ते बनवायला घेतलं. खरी युक्ती सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. रस्त्यांच्या अनुदानात वाटा हवा असेल तर शहराकडे तपासलेली, ठरावीक मुदतीत नवी केलेली पीसीआय यादी असलीच पाहिजे, अशी अट आहे. शिवाय सगळ्या शहरांचे सरासरी गुण संस्था जाहीर करते. शेजारच्या शहराला ८० आणि आपल्याला ६२, हे पेपरात आलं की आमच्या नगरसेवकांना अचानक सील कोटमध्ये रस निर्माण होतो. (सगळ्या प्रदेशाची सरासरी वर्षानुवर्षं ६७ च्या आसपास अडकली आहे, तेव्हा स्वर्ग वगैरे काही नाही. आमच्याही गल्लीत ठिगळं आहेत.)

स्टेशन रोडबद्दल: तुम्ही यादी एकच दाखवू नका. तीन दाखवा. एवढेच पैसे, (अ) सगळ्यात वाईट आधी, (आ) तुमची यादी, (इ) काहीच न करता. पाच वर्षांनी गावाचे सरासरी गुण किती आणि मुळापासून करायला लागणारे किलोमीटर किती, एवढे दोनच आकडे खाली. मी पहिल्यांदा सभेत क्लिष्ट आलेख नेले होते, कुणी बघितले नाहीत. दुसऱ्या वर्षी तीन नकाशे नेले, लाल-पिवळा-हिरवा. एक आजीबाई उठून म्हणाल्या, माझी गल्ली पिवळी आहे, ती लाल व्हायच्या आत काय करणार ते सांगा. सगळं कळलं त्यांना.

---

हिशोबनीस | २४ जानेवारी, सकाळी ७:५५

स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणात उभी हयात गेली, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

‘चांगल्या रस्त्यावर खर्च’ हा आक्षेपाचा मुद्दा होतो. ‘रस्ता सुस्थितीत असताना सील कोट करण्याचे प्रयोजन काय?’ हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. आज लाज वाटते, पण तेव्हा फाइलमध्ये कारणच नव्हतं. कनिष्ठ अभियंत्याच्या अनुभवाला कागदावर किंमत नसते. तुमचा पीसीआय तक्ता, तारखेसह फोटो आणि हे तीन पर्याय जर ठरावाला जोडले, तर तीच फाइल त्याला वाचवेल. सॉफ्टवेअरचा हा उपयोग कुठल्या जाहिरातीत नसतो.

दोन रकाने जरूर घाला. पहिला, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. ठेकेदारानं करून द्यायची दुरुस्ती संस्थेनं स्वतःच्या पैशानं केली, ही प्रकरणं मी किती पाहिली ते विचारू नका. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल करारातच असते आणि ई-मार्ग प्रणालीत तिची बिलं रस्त्याच्या अवस्थेवर निघतात. हेतू हाच की नुसता खड्डा भरल्याचे नव्हे, रस्ता चांगला ठेवल्याचे पैसे. गावपातळीवर तेवढं नको, पण एक तारीख तरी लिहा.

दुसरा, पैसा कुठल्या पिशवीतला. देखभालीची पिशवी वेगळी, भांडवली कामांची वेगळी. राज्याच्या अर्थसंकल्पात रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ हे वेगळे लेखाशीर्ष आहेत ते उगाच नाही. सॉफ्टवेअरला सगळे पैसे सारखे दिसतात, कोषागाराला दिसत नाहीत.

---

चाकोरीबाहेर | २४ जानेवारी, सकाळी १०:२०

धागा उत्तम चाललाय, पण एका गोष्टीवर ठाम असहमत. ‘गेलेल्या रस्त्याला थांबवा’ हे गणित फक्त डांबराच्या खर्चाचं झालं. त्यावरून पडून हात मोडणाऱ्याचं गणित कुठं आहे?

२०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं की नीट राखलेले रस्ते मिळणं हा अनुच्छेद २१ खालच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख, आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश झाला. आता सभेत जाऊन ‘स्टेशन रोड चौथ्या वर्षी’ म्हणा आणि मधल्या तीन वर्षांत काही झालं तर तुमचाच तक्ता पुरावा म्हणून समोर येईल. संस्थेला माहीत होतं, २३ गुण दिले होते, तरी थांबवलं.

---

डांबरट | २४ जानेवारी, दुपारी १२:०५

@चाकोरीबाहेर, हा मुद्दा मी खरंच विचारात घेतला नव्हता. दोन तास हेच डोक्यात आहे.

मला वाटतं मी दोन गोष्टींची गल्लत केली. रस्ता सुरक्षित ठेवणं आणि रस्ता टिकाऊ करणं. २३ गुणांचा रस्ता नवा करणं चौथ्या वर्षी जाऊ शकतं, पण त्यावरचे खड्डे भरणं यादीत असताच कामा नये. ते रोजचं काम, गणिताच्या बाहेर. म्हणजे आधी तो खर्च बाजूला काढायचा आणि उरलेल्यावर सील कोट-कार्पेटचं गणित मांडायचं. मी सगळं एकाच पातेल्यात शिजवत होतो.

@बेएरियातली_वहिनी, तीन नकाशे करतोच. मनापासून आभार.

---

पोफळीवाला | २४ जानेवारी, रात्री ९:१५

आमच्या कोकणात पीसीआय कधी मोजायचा ते आधी सांगा. मे महिन्यात रस्ता ७०, गणपतीला ४०. जून ते सप्टेंबर डांबराचे प्लांट बंद, आणि चतुर्थीच्या आधी चाकरमानी येणार म्हणून खड्ड्यात खडी-मुरूम टाकून वर दोन दिवसांचं समाधान. पुढच्या सरीला परत तोच खड्डा, आता मुरमाच्या चिखलासकट. मे महिन्याच्या पाहणीवर बेतलेली योजना ऑक्टोबरात वाचली तर दुसऱ्याच गावाची वाटते.

---

मुकादम | २५ जानेवारी, सकाळी ८:४०

पोफळीवाले, बरोबर. पाहणी पावसाळा संपल्याबरोबर करायची, म्हणजे जे काय व्हायचं ते झालेलं असतं आणि कामाचा हंगाम पुढं पडलेला असतो.

उसाच्या पट्ट्यात मात्र उलटा घोळ. तुम्ही नोव्हेंबरात मोजलं म्हणजे गळीत हंगाम तोंडावर असताना. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जाऊन मार्चमध्ये बघा तोच रस्ता. १९५८ ते ६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले होते, त्यातून चौथ्या घाताचा नियम निघाला. आसावरचं वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. २०१८ ला आपल्याकडे चार चाकं असलेल्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ केली. वजन वाढलं तेरा टक्के, घात लावून बघा, नुकसान साठ टक्क्यांहून जास्त वाढतं. आणि हे कायदेशीर वजन झालं. कारखान्याच्या वाटेवरच्या ट्रॉलीचं वजन कुणी विचारत नाही.

तेव्हा कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला गल्लीतल्या रस्त्याचाच झिजण्याचा वक्र लावू नका. तिथं सत्तर गुण म्हणजे दोन हंगाम. गल्लीत सत्तर गुण म्हणजे आठ वर्षं आरामात.

---

गोदाकाठ | २५ जानेवारी, दुपारी ३:३०

परभणीहून थोडी भर. काळ्या जमिनीत रस्त्याला एकही भेग नसताना गाडी होडीसारखी डुलते. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, रस्ता लाटा मारतो. पीसीआयमध्ये फुगवट्याला गुण वजा होतात, पण नुसत्या भेगा-खड्डे बघत चाललं तर असे रस्ते सहज पास होतात, प्रवाशाच्या कंबरेला मात्र कळतं. त्यासाठी खडबडीतपणाच मोजावा लागतो, म्हणजे आयआरआय (इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स). १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये वेगवेगळ्या देशांची यंत्रं एकाच रस्त्यांवर चालवून हे माप ठरवलं. एका ठरावीक गाडीचं एक चाक ताशी ८० किलोमीटरनं गेलं तर दर किलोमीटरला स्प्रिंग एकूण किती मीटर वर-खाली होईल, ते.

पण गावात त्याचा उपयोग शून्य. दर पन्नास मीटरवर गतिरोधक. गतिरोधकच मोजत बसाल.

---

पायथनवाला | २५ जानेवारी, दुपारी ४:०२

@गोदाकाठ, म्हणजे गतिरोधकांची गणना तरी होईल! ती कुठल्या नगरपरिषदेकडे आहे का?

@डांबरट, स्प्रेडशीटमधली वजाबाकीची वक्रं मी कोडमध्ये उतरवून देतो. तुमच्या फॉर्मची फाइल आली की तुकड्याचे गुण थेट क्यूजीआयएसच्या नकाशात जातील. फुकट. फक्त फोटो मला द्या, सावलीतल्या भेगांवर मॉडेल सुधारायचंय. आणि तुमची मापं खरी धरून माझं मॉडेल किती चुकतं तेही कळेल.

---

बेएरियातली_वहिनी | २५ जानेवारी, रात्री ११:१०

एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं असूनही राहिलं. खोदाई! पाणी, गॅस, केबल यांच्या पुढच्या दोन वर्षांच्या योजना मागून घ्या आणि त्याच नकाशावर टाका. इकडे बऱ्याच शहरांत नव्या रस्त्याला काही वर्षं हात लावायला मनाई असते, लावलाच तर जबर दंड. तरी होतंच. मी सील कोट करून घेतलेल्या गल्लीत सहा आठवड्यांनी पाण्याची लाइन फुटली, त्याचं मला आठवडाभर सुतक होतं. चर कितीही नीट बुजवला तरी त्याच्या कडेनं पाणी आत जातंच.

---

खड्डेकर | २६ जानेवारी, सकाळी ९:००

पुण्याचा धागा नसूनही कुणीतरी जंगली महाराज रस्त्याचं नाव काढायला हवं, म्हणून मी काढतो. सत्तरच्या दशकात रेकॉन्डोनं केला, दहा वर्षांची हमी दिली आणि तो काही दशकं बिनखड्ड्याचा राहिला. तेव्हा कुठलं सॉफ्टवेअर होतं?

---

हिशोबनीस | २६ जानेवारी, सकाळी ९:४८

खड्डेकर, नव्हतं. पण हमी लिहून घेणारा होता आणि ती पाळणाराही होता. एक रस्ता उत्तम करायला सॉफ्टवेअर लागत नाही. शंभर रस्त्यांत पैसे थोडे असताना कुणाला नाही म्हणायचं, त्याला लागतं.

---

डांबरट | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सोमवारी बैठक झाली, वृत्तांत द्यायचा राहिला होता.

पेव्हर नाही, एचडीएम-४ नाही. मोबाइलचा फॉर्म, पायथनवाला यांचा कोड आणि क्यूजीआयएस. एका मोठ्या कागदावर तीन नकाशे. मुख्याधिकाऱ्यांनी आधी स्टेशन रोड शोधला, मग स्वतःची गल्ली. (पिवळी.) ‘सगळ्यात वाईट आधी’च्या नकाशात पाच वर्षांनी लाल रेघा आजच्यापेक्षा वाढलेल्या दिसतात, त्यावर एक नगरसेवक म्हणाले, म्हणजे आम्ही आजपर्यंत हेच करत होतो काय? कुणी उत्तर दिलं नाही.

खड्डे भरण्याचा निधी वेगळा काढायचं मान्य झालं. स्टेशन रोड चौथ्यावरून तिसऱ्या वर्षी आला, त्याच्या बदल्यात दोन गल्ल्यांचा सील कोट गेला. ते दोन प्रभाग विरोधकांचे आहेत हा योगायोग असेलही. पण यावेळी निदान नकाशावर दिसतंय की काय गेलं आणि कशाच्या बदल्यात. हिशोबनीस, तुमचे दोन्ही रकाने घातले. दोषदायित्व चालू असलेले चक्क सात तुकडे निघाले, त्यातल्या तीन तुकड्यांची दुरुस्ती यंदाच्या निविदेत होती. ती काढली. आमची फी तिथंच वसूल झाली.

आणि वहिनी, तुमचं ऐकून पाणीपुरवठा विभागात गेलो. यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या, ७४ गुणांच्या, या मार्चमध्ये सील कोट होणाऱ्या रस्त्यावर एप्रिलमध्ये नवी जलवाहिनी टाकायचीय. एकाच इमारतीत, वरच्या मजल्यावर फाइल होती.

---

मुकादम | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

वाहिनी आधी टाकून घ्या. चर थराथरानं दाबून बुजवायला लावा, नुसता मुरूम ढकलून देतात. एक पावसाळा बसू द्या, मग सील कोट. चर भरताना मी येऊन उभा राहतो, तसाही घरी बसून कंटाळलोय. गावाचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा.